उसना ‘नाही’

मला एक ‘नाही’ हवा होता, आणि तो बायकोच्याच आवाजातला हवा होता. आमच्या घरात ज्या शब्दाची कधी टंचाई पडली नाही, तो शोधत मी सकाळपासून कानांना हेडफोन लावून बसलो होतो.

आमचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये एक काच. शाळेतल्या मुलांसाठी आम्ही विज्ञानाचे व्हिडिओ करतो. अलीकडच्या खोलीत मी चित्रं हलवतो, पलीकडे आवाज रेकॉर्ड होतो. तो आवाज माझ्या बायकोचा. सगळे तिला आवाजबाईच म्हणायचे. ती पाठ बोलायची आणि मी त्या बोलण्यावर चित्रातल्या मास्तरीणबाईंचे ओठ बसवायचो. मी तिचं ऐकत नाही, अशी तिची कायमची तक्रार. खरं तर माझ्याइतकं तिचं कुणीच ऐकलेलं नाही. एकेक अक्षर, पुढेमागे करून, दहादा.

गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

ध्वनीचा पाठ हा तिचा शेवटचा. काचेच्या बरणीत वाजणारी घंटा, आणि पंपाने बरणीतली हवा काढायची. मी हवेचे ठिपके एकेक करून बाहेर पाठवले, घंटा तशीच हलत ठेवली. त्यावर तिचं वाक्य होतं, ‘हवा काढून टाकली, आणि घंटेचा आवाज ऐकू आला नाही.’ त्या ‘नाही’वर तिला खोकला आला. शब्द कळत होता, म्हणून तेव्हा तसाच ठेवला. पुढे साहेबांनी मोठ्या हौसेने खोकले-उसासे काढणारं सॉफ्टवेअर आणलं. त्याने खोकला उचलला आणि सोबत ‘नाही’ही उचलला. उरलं, ‘घंटेचा आवाज ऐकू आला.’ वाक्य आपलं साळसूद. तपासणाऱ्या मॅडमनाही काही खटकलं नाही. मग एका शाळेतून फोन आला. अख्ख्या वर्गाने पेपरात ठोकून दिलं होतं की हवा नसली तरी आवाज ऐकू येतो.

“पोरांचं काय चुकलं? बाई सांगतात ते लिहिणारच ती,” साहेब म्हणाले. “आजच्या आज दुरुस्त करा. नाहीतर सगळा पाठ नव्या पोरीच्या आवाजात करून टाकू.”

“एका शब्दासाठी सगळा पाठ?”

“मग काय, कोटाला सतरंजीचं ठिगळ लावू? मलाही वाईट वाटतंय हो. पण चुकीचं शिकवणार का आपण?”

साहेबांचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला. तो पाठ गेला असता तर तिच्या आवाजाची अखेर ‘पचनसंस्था, भाग दोन’वर झाली असती. मला ते सहन होईना.

मी जुनी रेकॉर्डिंग उपसायला घेतली. पचनातला ‘नाही’ दटावणीचा होता. ताऱ्यांच्या पाठातला प्रश्नार्थक, ‘आहे की नाही?’ चुंबकातला फारच आनंदी, लोखंड चिकटलं नाही म्हणून कुणी एवढं खूश होतं का! एकही ‘नाही’ त्या घंटेपाशी बसेना. शेवटी पाठ सोडून मी दोन पाठांमधलं बोलणं ऐकायला लागलो, पाणी पिताना, पान उलटताना माइक चालू राहिला की जे सापडतं ते. तिथे ती होती, माझ्यावर वैतागलेली. “अहो, किती वेळा सांगू? मला काहीही झालेलं नाही. नुसता घसा बसलाय. चला, घ्या पुढचं वाक्य.”

हा ‘नाही’ शांत होता, खालच्या पट्टीत, अगदी हवा तसा. मी तो कापला आणि घंटेपुढे ठेवला. जोड कुठे आहे ते मलाही ओळखता आलं नसतं. डोळे भरून आले. साहेबांना न ऐकवताच मी लॅपटॉप घेऊन घरी पळालो.

बायको भाजी निवडत होती. गळ्याला रुमाल बांधलेला. हल्ली ती नुसते ओठ हलवते आणि मी वाचतो. ओठांचाच धंदा असल्यामुळे मला बरंच कळतं, पण सगळं नाही. प, ब, म सरळ दिसतात, ओठ मिटतात. जी अक्षरं तोंडाच्या आत होतात, तिथे अंदाजपंचे.

“ऐक,” मी म्हणालो.

तिने ऐकलं. बोट वर करून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. तिचे ओठ हलले, ‘कुठला हा?’

मी सगळं सांगितलं. ती हसली, आवाजाशिवाय हसते तशी, खांदे हलवून. मग थांबली आणि काहीतरी म्हणाली. मी वाचलं, ‘छोटं होतं ते.’

“छोटाच आहे गं, म्हणून तर चपखल बसला.”

तिने कपाळावर हात मारला. पुन्हा म्हणाली, सावकाश, मास्तरीणबाईंसारखी. तेव्हा कळलं. ‘छोटं’ नव्हे, ‘खोटं’. खोटं होतं ते.

“अगं, कुणाला कळणार आहे? एवढासा शब्द!”

‘मला,’ ती म्हणाली. म वर ओठ मिटले, त्यात चुकायला जागाच नव्हती. मग भाजी बाजूला सारून ती हळूहळू एवढं मोठं बोलली, की मी तीनदा विचारून ते जुळवलं. ‘मला माहीत होतं. दोन महिने माहीत होतं. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. तो शब्द पोरांना द्यायचा नाही. बोलवा त्या नव्या पोरीला.’

मी लॅपटॉप मिटला. तिच्यापुढे माझं कधीच काही चाललेलं नाही, आवाज गेला म्हणून आता चालेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर स्टुडिओत आली. नवी पोरगी चुणचुणीत, पण गाडी सुटत असल्यासारखी वाचत सुटली. बायको काचेपाशी जाऊन उभी राहिली आणि तिने तळहात दाखवला, हळू. पोरगी बावरली.

“मावशी, तुम्ही म्हणा ना, मी तुमच्या मागून म्हणते.”

मग बायको अलीकडून ओठ हलवू लागली आणि पलीकडून आवाज येऊ लागला. हवा काढून टाकली. घंटेचा आवाज ऐकू आला. इथे तिने हात वर करून पोरीला रोखून धरलं, आणि मग दोघी एकदम म्हणाल्या, नाही. वर्षभरात पहिल्यांदा तिचे ओठ हलताना मला ऐकू येत होतं. आवाज तिचा नव्हता. मी बटणं बघायच्या निमित्ताने मान खाली घातली आणि रडलो.

पाठ संपला. माइक अजून बायकोच्याच उंचीवर होता. इतके महिने त्याला हात लावायला कुणी धजलं नव्हतं, आणि पोरगी सगळा पाठ टाचा उंचावून बोलली होती. बायको आत गेली. तिने दांडीचा स्क्रू सैल केला, माइक पोरीच्या तोंडापर्यंत खाली आणला आणि स्क्रू पुन्हा घट्ट पिळला.