खालच्या पाड्याची सरासरी

दारावर पहिली लाथ बसली तेव्हा पंकज लॅपटॉपवर ‘ग्रुप बाय’ची ओळ पुन्हा लिहीत होता. दुसऱ्या लाथेसरशी कडी वाकली. तो उठला आणि खांद्याने दार दाबून उभा राहिला.

“भायेर ये रे मास्तर!” बाहेरून प्रणय ओरडला. “आमाला मार्क देनारा कोन तो बघू दे जरा!”

पंकज वरच्या पाड्याचा; प्रणय खालच्या पाड्याचा, त्यांच्या कबड्डी संघाचा कप्तान. होळीच्या सामन्यावरून दोन्ही पाड्यांत दांडकी चालली होती, तेव्हा त्याचा ओठ फाटला होता. टाक्यांचे व्रण अजून लाल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजचं मुरबाडच्या कॉलेजात डेटाबेसचं प्रॅक्टिकल होतं. याच विषयाने त्याचं गेलं वर्ष खाल्लं होतं. या खेपेला नापास झालास तर पुस्तकं बंबात घालीन आणि तुला घाटातल्या धाब्यावर भजी तळायला बसवीन, असं बापाने बजावलं होतं.

सरांनी सरावासाठी एका विद्यापीठाचे रिकामे तक्ते दिले होते. विद्यार्थी, विभाग, गुण. “माहिती ज्याची त्याने भरा, खोटी चालेल,” असं म्हणाले होते. पंकजला खोटी नावं सुचेनात, म्हणून त्याने गावातली पोरं भरली. विभागांचीही नावं सुचेनात, तेव्हा एकाला वरचा पाडा म्हटलं, दुसऱ्याला खालचा. गुण मनाला येतील तसे दिले. मग ‘ग्रुप बाय’ने विभागवार गट पाडून प्रत्येक गटाची सरासरी मागितली. वरचा पाडा बासष्ट, खालचा पाडा एकतीस. एकही चूक न दाखवता ओळ चालली म्हणून तो आनंदाने ओरडला. त्याची बहीण दामिनी धावत आली, तिने लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढला आणि हसरं तोंड लावून स्टेटसला ठेवला. बाकीचं काम खालच्या पाड्यातल्या मोबाइलांनी केलं.

तिसऱ्या लाथेला दार आत आलं. पंकज मागे फेकला गेला. सावरायला त्याने चौकट धरली, आणि तेवढ्यात प्रणयच्या मागच्या कुणीतरी दार पुन्हा रेटलं. उजव्या हाताची दोन बोटं बिजागरीच्या फटीत सापडली. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागून.

“सोड रे, सोड! बोटा मोडली माझी!”

“आमाला ढ ठरवतस? एकतीस?” प्रणयने त्याची मान धरली आणि कपाळ भिंतीवर आपटलं. “स्टेटसला लावतस?”

“खोटे हायत रे ते! प्रॅक्टिस हाय ती! कोनाचे खरे मार्क नाय त्यात!”

प्रणयचा हात थांबला. तो पंकजच्या तोंडाजवळ वाकला.

“खोटेच द्यायचे व्हते, तं आमाला बासष्ट का नाय दिलेस?”

पंकजची नजर लॅपटॉपकडे गेली. प्रणयने त्याच्या पोटात गुडघा घातला. पंकज पाट्यापाशी कोसळला. डाव्या हाताला वरवंटा लागला. त्याने तो उचलला आणि समोरच्या डोक्यावर हाणला. प्रणयच्या भुवईच्या वर कातडं उघडलं, रक्त डोळ्यात, ओठांवर, जुन्या टाक्यांवर ओघळलं. दामिनी किंचाळत अंगणात पळाली. शेजारपाजारचे काठ्या घेऊन आले, तेव्हा प्रणयच्या पोरांनी त्याला उचलून शेताच्या वाटेने खाली नेलं. जाताना तो एवढंच म्हणाला, “मुरबाडला भेटू.”

शेजारच्या धोंडीबाई काकूने बोटांना हळद लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. “तुला लिवाय शिकवला, का मारामारी लावाय?” असं पुटपुटत तिने गाठ आवळली. पंकजने दात आवळले. समोर लॅपटॉप अजून चालू होता. काचेवर रक्ताचे शिंतोडे होते. ते त्याने बाहीने पुसले आणि पहिल्यांदाच ती यादी नीट वाचली.

खालच्या पाड्यातल्या एकालाही चाळीसच्या वर गुण नव्हते. त्यांच्यातला मनोज दहावीला तालुक्यात वर आला होता, त्याच्या फोटोचा बॅनर फाट्यावर महिनाभर लटकत होता. त्यालाही अठ्ठावीस. आपण मनाला येईल तसं भरलं, असं पंकज समजत होता. मनाला हेच आलं होतं.

बदलून टाकावेत असं त्याला वाटलं. डाव्या हाताने तो एक ओळ टाईप करूही लागला. पण प्रॅक्टिकलसाठी आधीच छापून घेतलेल्या जर्नलमध्ये बासष्ट आणि एकतीसच होते. पडदा जर्नलशी जुळला नाही तर सर तिथेच शून्य देत. त्याने ती ओळ खोडली. आकडे तसेच पेनड्राइव्हमध्ये घेतले.

सकाळी वैशाखऱ्याच्या फाट्यावर त्याने मुरबाडची जीप धरली.

लॅबमध्ये त्याला प्रश्न नेमका विभागवार सरासरीचाच आला. डाव्या हाताच्या एका बोटाने त्याने ओळ पुरी केली. घाम हनुवटीवरून कीबोर्डवर टपकत होता. दोन ओळींचं उत्तर उमटलं. सरांनी जर्नलशी ताडून पाहिलं.

“बरोबर. पण या दुसऱ्या विभागाचा निकाल एवढा वाईट कसा रे?”

“मी तसा भरला, सर.”

सर हसले, सही केली आणि पुढच्या मुलाकडे वळले. पंकज पास झाला होता.

खिडकीतून फाटक दिसत होतं. प्रणय डोक्याला पट्टी बांधून उभा होता, हातात वेताची छडी. शेजारच्या मुलाने कानात सांगितलं, “मागच्या बाजूने जा. कॅन्टीनची भिंत बुटकी आहे.”

पंकज जिना उतरला आणि समोरच्या फाटकाने बाहेर आला.

“झाला पास?” प्रणयने विचारलं.

“झालो.”

“कोनच्या मार्कांवर?”

“तुमच्या. तेच एकतीस दाखवले.”

 प्रणयची छडी वर गेली. पंकजने बांधलेला हात तेवढा पाठीमागे घेतला. दुसरा हात मोकळा होता. तो त्याने वर केला नाही.