रिलीव्हर येईपर्यंत

आमच्या सासूबाईंना एकदा कुठे बसवलं की उठवायची सोय नाही. गल्ली त्यांना खुंटा म्हणते, आणि मीही म्हणते, अर्थात त्यांच्या माघारी. दोऱ्याच्या ज्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली तो कधीच बंद पडला, अंगणात कमरेएवढं गवत माजलं, पण यांच्या अंगातला कारखाना काही बंद व्हायला तयार नाही. तिथला नियम असा, की रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या पाळीची बाई मशीनपाशी येऊन उभी राहीपर्यंत आधीचीनं हलायचं नाही. दोरा तुटला तर बघणार कोण? घरीही तेच. दुधावर लक्ष ठेवायला बसवून नंतर हाक मारली, तर म्हणणार, "आधी तू येऊन उभी राहा, मग मी उठते." माझ्या अगदी डोक्यात जायचं ते.

आता त्या जागेवर घरं होणार होती. पालिकेनं एवढं मान्य केलं होतं, की एखादी जुनी शेड धड असेल तर ती ठेवायची आणि गल्लीतल्या कामकरी बायकांना द्यायची. ते ठरवायला पालिकेच्या साहेबबाई पाहणीला येणार होत्या. धड अशी एकच होती, रिळं भरायची. आम्ही शिवणकाम करणाऱ्या बायका तिच्यावर डोळा ठेवून होतो. माझं मशीन पलंग आणि मोरी यांच्यामध्ये कोंबलेलं. गिऱ्हाईक मापं द्यायला आलं की नवरा मुकाट्यानं बाहेर जाऊन उभा राहतो. त्या शेडमध्ये आमचा धंदा नीट उभा राहिला असता. घरं बांधणाऱ्या ठेकेदाराला मात्र मोकळं मैदान हवं होतं. पाहणीच्या आधी शेड पडली, की ठेवायला उरतंय काय? म्हणून आम्ही फाटकात पाळीपाळीनं बसायला लागलो. पाळ्या कोणी लावल्या हे सांगायला नकोच.

पाहणीच्या दिवशी सकाळची पाळी त्यांची आणि नंतरची माझी. मी शाल गुंडाळून निघतच होते, एवढ्यात इस्त्रीवाला धापा टाकत आला. "पाहणी रद्द झाली. साहेबबाईंनी सगळ्यांना पालिकेच्या हॉलमध्ये बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. त्यांचा माणूस सांगून गेला." झालं, आम्ही सगळ्या चपला अडकवून पळालो. जाताजाता मी इस्त्रीवाल्याला म्हटलं, "फाटकात आईंना सांग, आता बसायची गरज नाही, घरी जा म्हणावं."

हॉलला हे भलंमोठं कुलूप. शिपाई म्हणाला, "बाई पाहणीला तुमच्याच गल्लीत येणार आहेत की. निघतीलच आता." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुठला पालिकेचा माणूस आणि कुठलं काय. बाकीच्या बस बघत थांबल्या. मला धीर कसला निघतोय, मी पळत सुटले. ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत करतच गल्ली गाठली.

फाटकात बुलडोझर उभा होता, आणि त्याच्या पुढ्यात स्टुलावर सासूबाई. ठेकेदार हात जोडून समजावत होता, "आजी, तुमच्या सुनेनंच निरोप पाठवला ना, घरी जा म्हणून?"

"निरोप आला. माणूस कुठे आलंय? निरोप काय माझ्या जागी बसणार आहे?"

बुलडोझरवाला इंजिन बंद करून खाली उतरला होता. ठेकेदारानं त्याला खूण केली, तर तो म्हणाला, "म्हातारी उठली तर चालवतो. मला संध्याकाळी घरी जाऊन आईला तोंड दाखवायचंय."

मला बघून ठेकेदार हसला. "घ्या, सून आली. आता तरी उठा."

सासूबाई उठल्या नाहीत. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "तुझी शाल दे. आणि माझ्या पाठीमागे उभी राहा."

"का हो, आई?"

"सकाळपासून हलले नाही गं. या वयात धरवत नाही."

मी खाली बघितलं. कपडे ओले, स्टूल ओलं, खालची मातीही ओली. माझ्यासमोर कधी केस मोकळे सोडले नाहीत या बाईनं. आणि एवढ्या पुरुषांसमोर तशीच ताठ बसून ती भांडत होती. मला रडू आलं, आणि राग तर असा आला की हात मोकळे असते तर ठेकेदाराचं काही खरं नव्हतं. मी शाल त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली, घट्ट गाठ मारली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला.

"पुसून घे आधी स्टूल," त्या पुटपुटल्या.

"तुम्ही घरी जा. चुलीवर गरम पाणी आहे."

मी पुसलं नाही, तशीच बसले. ठेकेदार काहीतरी बोलत होता, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघत होते ती भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत घराकडे निघालेल्या सासूबाईंकडे. त्या दाराआड गेल्या आणि थोड्या वेळानं पालिकेची गाडी कोपऱ्यावर वळली. साहेबबाई उतरल्या, बुलडोझरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेड दाखवता का?"

"दाखवते," मी म्हटलं. "पण आधी यांना ते धूड मागे घ्यायला सांगा. मग मी उठते."