मावशीला कापून काढताना

पहिला फोटो: छतापासून जमिनीपर्यंत टांगलेले पांढरे दोरे, हजारो, आणि मधोमध मावशी.

दुसरा: पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावाचा फोटो, अख्ख्या भिंतीएवढा. म्हणजे माझा हा फोटोचा फोटो. तलावाच्या खोल बाजूला मावशी.

तिसरा: मावशीचा खांदा. मागे कुठेतरी कला.

असे एकशे चौदा फोटो आहेत. मावशी नसलेला एकच, आणि तो चुकून माझ्याच बुटाचा निघालाय.

*

थांबा. आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मावशीचे फोटो काढणं हाच माझा धंदा.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात माणसं चिकटवते. घर, दवाखाना, बँक, काहीही बांधायच्या आधी ते कसं दिसेल याचं चित्र आम्ही कॉम्प्युटरवर करतो. नुसती खोली दाखवली तर ती केवढी आहे ते गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून तिच्यात माणसं उभी करायची, खऱ्या माणसांचे फोटो कापून. जिन्यात एक घाईतला गृहस्थ, खिडकीपाशी विचारात पडलेली बाई. अकरा वर्षं मी हेच करतेय. आमच्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या निम्म्या इमारतींच्या चित्रांत मावशी उभी आहे. ती फुकट मिळते, सांगाल तिथे उभी राहते, आणि ‘हस’ म्हटलं की ‘कशाला?’ असं विचारते, त्यामुळे खरी वाटते.

आमच्या सरांना ऑफिसात सगळे काटकोन म्हणतात. पाठीमागे. त्यांच्या खिशात पेनाऐवजी लेव्हल असते, ती बुडबुड्याची छोटी पट्टी. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी ती टेबलावर ठेवतात, बुडबुडा मधोमध आला की मग स्वतः टेकतात.

त्या महिन्यात एका वाचनालयाचं काम आलं. एकच खोली, चाळीस फूट लांब आणि बोळासारखी अरुंद. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला कोरी भिंत.

“ही खोली तू कर,” सर म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मागे झेरॉक्सचं मशीन होतं.

“तूच. गुरुवारी अकरा वाजता ते लोक इथे बघायला येतील. त्यांना पटलं तर खोली तुझी, आणि इथून पुढच्याही तुझ्या. नाही पटलं, तर आपली माणसं चिकटव सुखाने.”

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांत माणसं वसवली. स्वतःची खोली मिळाली तर डोकं त्या भिंतीपेक्षा कोरं! टेबलं मांडली, शाळा दिसायला लागली. सोफे मांडले, दातांचा दवाखाना झाला. दोन्ही उचलले तर खोली देखणी दिसायची, पण वाचणाऱ्याने बसायचं कुठे, माझ्या डोक्यावर?

म्हणून रविवारी नव्या कलेचं संग्रहालय गाठायचं ठरवलं. स्फूर्ती तिथे मिळते असं सगळे सांगतात.

“मीही येते,” मावशी म्हणाली. “बघू तरी कशी असते.”

*

मावशीने चाळीस वर्षं पडदे शिवले. आता शिवत नाही, पण मोजणं काही सुटलेलं नाही. टेप गळ्यात असतेच.

दोऱ्यांच्या खोलीत शिरताच तिने विचारलं, “हे कोणी उसवलं?”

“हळू बोल गं. उसवलेलं नाही, कलाकृती आहे. आधी कापड विणलं, मग त्यातले आडवे धागे एकेक करून काढले. दोन वर्षं लागली म्हणे.”

“दोन वर्षं? शेजारणीच्या मांजराने एका दुपारी केलं असतं.” मग ती दोऱ्यांमधल्या खांबाला टेकून वर बघायला लागली. “पण उजेड बघ कसा गाळून येतोय. पडद्याचं कामच ते. बाकी सगळी मिरवामिरवी.”

मी वहीत लिहिलं: उजेड गाळणे. मग खोडलं. वाचनालयाला उजेड हवा होता, गाळलेला नको होता.

पुढच्या दालनात सिमेंटचा जिना होता. बारा पायऱ्या, वर काहीच नाही.

“कुठे जातो हा?”

“कुठेच नाही.”

“बरं झालं. चढायला नको.”

मी फोटो काढत सुटले होते. “मावशी, जरा बाजूला हो ना,” असं म्हटलं की ती लगेच व्हायची, आणि मी नंतर जिथे कॅमेरा वळवणार असायचे नेमकी तिथे जाऊन उभी राहायची. हे तिला कसं जमतं ते तिलाच ठाऊक.

रिकाम्या तलावासमोर ती दाराच्या चौकटीला टेकली. तिथला रखवालदार पुढे झाला.

“आजी, टेकू नका.”

“आजी तुमच्या घरी. मावशी म्हणा.”

“मावशी, टेकू नका.”

“आणि तुम्ही काय करताय?”

रखवालदाराचा एक पाय मागे भिंतीला लावलेला होता. तो त्याने मुकाट खाली घेतला. दोन मिनिटांनी पाहते तर एकाच चौकटीच्या दोन बाजूंना दोघं टेकलेले, आणि तो तिला सांगत होता की नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याला या फोटोची भीती वाटायची. आपली पाठ वळली की तलाव भरेल, असं वाटायचं.

“पोहता येतं का?” मावशीने विचारलं.

“नाही ना.”

“मग टेकूनच राहा.”

घरी येताना माझ्याकडे एकशे चौदा फोटो होते आणि स्फूर्ती औषधालाही नव्हती.

*

सोमवार. मी मावशीला कापायला बसले.

कलाकृती नीट दिसायला हव्यात तर मावशी निघायला हवी. पहिल्या फोटोतून काढली: दोऱ्यांमध्ये मावशीच्या आकाराचं भोक. दुसऱ्यातून काढली: तलावाला मावशीच्या आकाराची गळती. हात सवयीचे, कापलेली प्रत्येक मावशी त्यांनी आपोआप ‘माणसं’ नावाच्या फोल्डरमध्ये नेहमीसारखी तयार करून ठेवली. वाया कशाला घालवा, पुढे कुठल्यातरी बँकेत उभी राहील.

सदतिसाव्या भोकाला माझा हात थांबला.

एकही भोक सरळ नव्हतं.

सगळी कललेली. चौकटीला कललेली, खांबाला कललेली, खिडकीच्या कट्ट्यावर अर्धवट बूड टेकलेली, एक तर आग विझवायच्या नळकांड्याच्या पेटीला रेललेली. मी फोटोंच्या कडा मोठ्या करून पाहिल्या. मावशीच कशाला, मागे दिसणारी तमाम माणसं तशीच! प्रत्येक दालनात मधोमध एक बिनपाठीचं बाकडं होतं, आणि ते बेटासारखं रिकामं. जो तो कडेला, काहीतरी शोधून टेकलेला, आणि तिथून मन लावून बघत असलेला.

माणसाला लक्ष देऊन काही बघायचं असलं की तो बसत नाही. टेकतो.

आणि माझ्याकडे चाळीस फूट भिंत होती.

टेबल नाही, खुर्ची नाही. भिंतीतून बाहेर आलेली एक लांबच लांब फळी, जिला टेकावं, जिच्यावर अर्धं बसावं, पुस्तक उघडावं आणि वेळ विसरावा. किती उंच? मी फोल्डर उघडला, टेकलेल्या सगळ्या मावश्या रांगेत लावल्या आणि कमरेखालचं माप काढलं. अठ्ठावीस इंच. बुधवारी सुतार येऊन ऑफिसच्या भिंतीवर चौदा फुटांचा नमुना लावून गेला. सरांनी फळीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध, जणू तिथेच जन्मला.

“छान,” सर म्हणाले.

अकरा वर्षांतलं हे पहिलं छान.

*

गुरुवार, सकाळी दहा. मावशीला मुद्दाम बोलावलं होतं, तिचंच स्मारक म्हणून. ती फळीपाशी गेली, मागे सरकली, टेकायला लागली, आणि तिच्या टाचा उचलल्या गेल्या.

“हे कोणासाठी केलंयस?”

“तुझ्यासाठीच! मापं तुझी आहेत.”

मावशीने गळ्यातली टेप काढली. फळी मोजली. मग स्वतःला मोजलं. “माझं पंचवीस आहे. तीन इंच कोणाचे?”

मी स्क्रीनवर फोल्डर उघडून दाखवला. ती चष्मा चढवून जवळ गेली.

“ही कोण?”

“तू.”

“एवढी मान? अगं, मला काय धुऊन वाळत घातलं होतंस? लोंबकळून लांब झालेली दिसतेय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या ऑफिसचा एक नियम आहे: चित्रात उभ्या माणसांची डोकी एका रेषेत हवीत. साडेपाच फुटांवर. चित्र नीटनेटकं दिसतं, सरांना बरं वाटतं. त्यामुळे मी माणूस कापला की लगेच त्याला साडेपाच फुटांपर्यंत ओढते किंवा दाबते. मावशी चार फूट अकरा इंच. तिला मी अकरा वर्षं ओढतेय. इतकी वर्षं, की ओढते हे विसरूनच गेले. आणि त्या ओढलेल्या मावशीवरून मी फळीची उंची काढली होती. जगात नसलेल्या बाईच्या मापाने!

“पंचवीसवर लाव मग,” मावशी म्हणाली.

“आणि उंच माणूस आला तर?”

“सत्तावीस.”

“आणि लहान मूल?”

“मग वीस. अगं, मी काय लिलाव करतेय?” ती वैतागून फळीकडे बघत राहिली. “आमच्याकडे बरं होतं. जमीन उतरती असली की पडद्याची कड उतरती शिवायची. पाय बघून अंथरूण.”

मी फळीकडे पाहिलं. मग मावशीकडे. मग पुन्हा फळीकडे.

“तिरकी,” मी म्हटलं.

“काय तिरकी?”

“फळी. एका टोकाला पोरांसाठी अठरा इंच, दुसऱ्या टोकाला चौतीस. ज्याने त्याने आपली जागा शोधायची.”

“त्या काटकोनाला चक्कर येईल.”

“येऊ दे. टेकायला जागा आहे.”

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. सर पाहुण्यांना आणायला गेलेले. मी ड्रिल मशीन काढलं. मावशीने फळीचं टोक खांद्यावर धरलं आणि मला अखंड सूचना दिल्या, त्यातल्या निम्म्या ड्रिलच्या आवाजात बुडाल्या आणि उरलेल्या निम्म्या बरोबर होत्या. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती.

*

सर दारातून बोलतच आले. “आमचा विचार असा, की अत्यंत सरळ, अत्यंत स्वच्छ…”

आणि थांबले.

त्यांच्यामागे वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई होत्या, मावशीच्याच उंचीच्या. त्यांच्यामागे चिटणीस, इतके उंच की सात फुटी दारातून येतानाही सवयीने वाकले.

सरांनी खिशातून लेव्हल काढून फळीवर ठेवली. बुडबुडा धावत एका टोकाला गेला आणि तिथेच लपून बसला.

“हे काय आहे?” सर दातांतून म्हणाले.

“उतार, सर.”

“दिसतोय. का आहे?”

“माणसं एका उंचीची नसतात, सर.”

“आपल्या चित्रांत असतात.”

“तेच तर चुकलं.”

“नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, हे ऐकलं होतं,” सर म्हणाले. “तू नाचायच्या आधीच वाकडं करून ठेवलंस.” मग पाहुण्यांकडे वळून, गोड आवाजात, “माफ करा, नमुना अजून थोडा…”

पण ऐकायला कोणी नव्हतं. चिटणीस उंच टोकाला पोचले होते. टेकले, अर्धा फूट अलीकडे सरकले, पायावर पाय टाकला आणि एक लांब श्वास सोडला. ग्रंथपाल बाई, नाटकाला उशिरा आलेला माणूस रांगेत आपली खुर्ची शोधतो तशा, फळीला धरून आडव्या सरकत गेल्या. मावशीच्या शेजारी थांबल्या. टेकल्या. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून शेल्फवरचा नळांचा कॅटलॉग उचलून चाळायला लागल्या.

चाळणं थांबलं. वाचणं सुरू झालं.

सरांनी घसा साफ केला. “तर, खेळत्या हवेबद्दल सांगायचं…”

“एक मिनिट हं,” मान वर न करता बाई म्हणाल्या. “हे पान संपू दे.”

ते पान स्वयंपाकघरातल्या नळांचं होतं. आम्ही सगळे उभे राहून बाईंचं पान संपायची वाट पाहत होतो.

बाईंनी कॅटलॉग मिटला. “मुलं त्या टोकाला बसतील.”

“आणि मी या,” चिटणीस म्हणाले. “वाचनालयात माझे गुडघे पहिल्यांदाच कुणाच्या आड येणार नाहीत.”

“आम्हाला हीच भिंत हवी,” बाई म्हणाल्या. त्यांनी मंजुरीचा कागद मागितला, फळीवरच सही केली आणि पेन बाजूला ठेवलं.

पेन निघालं. आधी हळू, मग मजेत, मग सुसाट. सगळ्यांच्या नजरा त्याच्याबरोबर खाली गेल्या. तोवर टोकाला पोचलेल्या मावशीने ते तळहातात झेललं.

“दिवसभर पेन्सिली गडगडणार आमच्या,” बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांकडे नाही. सरांनीही माझ्याकडेच पाहिलं.

“मध्ये मध्ये टाके घाला की,” मावशी मध्येच बोलली. “आडवे. बारीक पट्ट्यांचे.”

“बसणाऱ्याला टोचतील,” मी म्हटलं.

“मग भिंतीच्या बाजूलाच घाल. चार बोटं पुरे.”

“दर फुटावर एक,” सर म्हणाले. “एकसारख्या अंतरावर.”

“नाही सर. मुलांच्या टोकाला दाट हव्यात. त्यांच्या हातून पेन्सिली जास्त सुटतात. वर विरळ.”

सरांनी पुन्हा एकदा फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि एक खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आणली.

“काढ,” शेजारी बसत ते म्हणाले. “बघू दे.”