गुडघाभर चिखलातली अक्का

अक्काच्या चालण्याला दोन आवाज होते. उजवं पाऊल सारवलेल्या भुईवर वाळलं पान उतरावं तसं निःशब्द टेकायचं. डावं मात्र भरली घागर कुणी जपून खाली ठेवावी तसा एक मंद, जलगर्भ नाद करायचं. सुप्याच्या धरणाकडून चढून आलेलं धुकं अंगणात रेंगाळत असे, आणि त्या करड्या, ओलसर प्रकाशात माझी ही थोरली नणंद न्हाणीतून ओसरीकडे येऊ लागली, की वाटे, एकाच लुगड्यातून दोन निरनिराळ्या वयांच्या बायका चालल्या आहेत.

तिच्या डाव्या पायाला हत्तीरोग होता. ऐन तारुण्यात गुडघ्याखाली सूज चढली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि ती कायमची माहेरचीच राहिली. मी खानापुराकडून सून होऊन आले, ती सातवी पास झाल्याचा तोरा मिरवत. या विदुषीचं वैद्यकशास्त्र एवढंच, की हा रोग ओल्या पावलातून चढतो. त्यामुळे न्हाणीपुढच्या दगडांवर उमटलेली अक्काची ओली पावलं मी पैंजण वाजवत, टुणटुण उडत ओलांडत असे. अक्का सासूबाईंना म्हणाली, "आई, ह्या खानापूरच्या पोरीला चालाय शिकवलंच न्हाई गं कुणी. चिमणीवानी उडतीया बघ!" सगळं उमजून म्हणाली होती. आणि मी? खरा चोर कानाशी गुणगुणत होता, तरी मी आपली दगडांवरून उडतेच आहे!

गाव वाईट नव्हतं. पण पंगतीत अक्काचं पान कडेला पडे आणि तिच्या शेजारची बाई नकळत पदर आवरून घेई. अपवाद एकच, आषाढातली रोपलावणी. गुडघाभर चिखलात सगळ्यांचेच पाय अदृश्य होत. पाण्यात उतरलेलं आभाळ, त्यावर वाकलेल्या पाठींची रांग, आणि त्या रांगेच्या मध्यभागी अक्का! वर्षभर मिटलेलं तिचं हसू तिथे मोकळं सुटे. "सांगा गं, हितं कुणाचा पाय जाड हाय?" ती ओरडे, आणि सगळी रांग खिदळे. तेवढ्या दिवसांच्या सोबतीवर ती उरलेलं वर्ष निभावून नेई. मात्र लावणी आटोपली की ताप यायचाच. हुडहुडी भरे, पाय निखाऱ्यासारखा लाल होई, आणि प्रत्येक ताप जाताना पायात थोडं अधिक जडत्व ठेवून जाई.

पुढे, माझी मुलं मोठी झाल्यावर, दवाखान्यातून एक नर्सबाई घरोघर येऊ लागल्या. डास चावतात, ते एकाच्या रक्तातले सूक्ष्म जंतू दुसऱ्यात नेतात. ते जंतू धाग्यासारखे वाढून अंगातला पाणी वाहून नेणारा मार्गच बिघडवतात, असं त्यांनी समजावलं.

"म्हंजे माझ्या पाटात किडं बसलं, आन् पाणी तुंबलं," अक्का म्हणाली.

"व्हय अक्का, अगदी तसंच."

वर्षातून एकदा द्यायच्या गोळ्या घरातल्या सगळ्यांनी गिळल्या. जुनी सूज पुरती जाणार नव्हती. पण पाय रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेगांना मलम लावायचं, पाय उंचावर ठेवायचा, घोटा हलवत राहायचा. "आन् चिखलात उतरायचं न्हाई. भेगांतनंच ताप शिरतो," नर्सबाईंनी बजावलं.

अक्कानं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "पाय वाचंल गं बाई. पण मग मी कुठं जाऊ?"

नर्सबाईंनी मलमाची डबी तिच्या हातात ठेवली.

त्या वर्षी लावणीला अक्का बांधावर बसली. तिनंच ठरवलं, म्हणाली, "बसते. पण मला मधनं मधनं हाका मारा." घडी केलेल्या पोत्यावर पाय, हाताशी रोपांच्या मुठी. लावणी करताना बायका मागं मागं सरकतात. त्यामुळे सगळ्यांची तोंडं तिच्याकडेच होती, आणि अंतर मात्र वाढत होतं. हसणं पुसट झालं, तशी तिनं हाळी दिली, "अगं मोठ्यानं बोला की! पाय बिघडलाय माझा, कान न्हाई!" आम्ही मोठ्यानं बोललो. मग कामाच्या भरात विसरलो.

ताप आला नाही. दोनेक वर्षांत सूज ओसरून घोट्याचं हाड दिसू लागलं. रोज संध्याकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीनं मी बेचक्या टिपत असे, आणि आपण केवढं युद्ध जिंकलं म्हणून गावभर सांगत फिरत असे. अक्का माझं कौतुक ऐकून घेई आणि बाहेर, ओलं शेत होतं तिकडे, बघत राही.

गेल्या थंडीत ती गेली. म्हातारपणानं, झोपेतच. आता माझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा यंदा बांधावर मी बसले. सुना, नाती मागं मागं सरकत गेल्या. ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. हाळी द्यावीशी वाटली, आणि दिली नाही. गेलेली माणसंही बहुधा अशीच जात असावीत, तोंड आपल्याकडे ठेवून, एकेक पाऊल मागं. आणि मधलं पाणी तेवढं दर वर्षी हिरवं होत राहतं.