माझ्या कप्प्यातली चिठ्ठी

माझी बायको गेली त्या दुपारी मी चौथ्या मजल्यावर एका पाहुण्याला उशा दाखवत होतो. हॉटेलच्या मॅनेजरने स्वतः उशा का दाखवाव्यात? कारण पाहुण्याला दुसरं कोणी चालत नव्हतं. एक उशी कडक, दुसरी मऊ, तिसरीला म्हणे वास. चौथी डोक्याखाली घेऊन तो डोळे मिटून पडला आणि मी पलंगाशेजारी हात बांधून उभा.

तेवढ्यात दवाखान्यातून मेहुणीचा फोन खाली काउंटरवर आला. तिथे बसणाऱ्या ताईंनी चिठ्ठी लिहिली, "दवाखान्यातून फोन. लगेच या. तीन दहा," आणि चाव्यांच्या फळीवरच्या माझ्या कप्प्यात ठेवली. मॅनेजर पाहुण्याजवळ असताना त्याला हाक मारायची नाही, निरोप कप्प्यात ठेवायचा, असा नियम होता. नियम माझाच. स्वतःचे मोबाइल ड्रॉवरमध्ये बंद ठेवायचे, हाही माझाच. नव्या माणसाकडून मी हे सगळं पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यायचो.

मी चार वाजता खाली आलो. ती पावणेचारला गेली होती.

तिला हे नियम चांगले माहीत होते. एकदा तिने आवाज बदलून काउंटरवर फोन केला होता. "एक मॅनेजर बुक करायचाय. रविवारसाठी. जेवणासकट." ताईंनी निम्मं लिहूनही घेतलं होतं.

ती गेल्यानंतर ताई माझ्याशी नजर वर करून बोलत नसत. मी त्यांना एक शब्द बोललो नाही. त्यांनी शिकवल्याप्रमाणेच केलं होतं. पण वर यायला दोन मिनिटं लागतात, हे माझ्या मनातून जात नव्हतं. त्यांच्याही जात नसावं.

सहा महिन्यांनी तोच पाहुणा आला.

"मागच्या वेळची उशी कुठाय? ती बरी होती."

मी चार उशा घेऊन वर गेलो. तो दुसरी दाबून बघत होता तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ताई. जिन्याने धावत आल्या होत्या, धाप लागली होती.

"साहेब, खाली चला. तुमच्या मुलीचा फोन आहे. रडतेय."

"अहो बाई, दार वाजवायची पद्धत आहे की नाही?" पाहुणा ओरडला.

मी उशा तिथेच टाकल्या. जिना कसा उतरलो, आठवत नाही. रिसीव्हर कानाला लावला.

"बाबा, मशीन सुरूच होत नाहीये," मुलगी हुंदके देत म्हणाली. "सगळे कपडे भिजवून ठेवलेत. आई कुठलं बटण दाबायची?"

मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं घरात ते मशीन होतं.

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. पाहुण्याने त्यांना थेट फोन केला होता.

"काउंटर सोडून वर धावल्या? आणि कशासाठी, तर कपडे धुवायच्या मशीनसाठी! त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा."

"नाही सांगणार."

"नियम तुमचाच आहे ना? माझ्यासमोर कौतुकाने वाचून दाखवला होतात."

मी पाकिटातून चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. घडीवर विरली होती. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"ही कधीची?"

"ती गेली त्या दिवसाची. तेव्हा ताईंनी नियम पाळला होता."

मालकांनी चष्मा काढला. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.

"पाहुण्याला काय सांगू?"

"चूक मॅनेजरची, असं सांगा. खरंच आहे ते."

"तो परत यायचा नाही."

"न येऊ दे."

त्यांनी हाताने जा अशी खूण केली. ताईंचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी काउंटरवर आलो. ताई पर्स आवरून उभ्याच होत्या, उद्या यायचं नाही असं धरूनच.

"उद्या सकाळची पाळी तुमचीच आहे," मी म्हणालो. "आणि निरोप आला की वर यायचं. कोणाचाही असू दे."

त्या खाली बघत राहिल्या. "त्या दिवशी मी जिन्यापर्यंत आले होते, साहेब. आणि परत फिरले."

"मी पाठ करून घेतलं होतं ना," मी म्हणालो.

मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला. "तुमचं मशीन वरून उघडतं की समोरून?"

"वरून."

निरोपाच्या वहीतला एक कागद फाडून त्यांनी लिहिलं, "झाकण आवाज येईपर्यंत दाबा. मग डावीकडचं बटण." सवयीने त्यांचा हात कप्प्याकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला आणि कागद माझ्या हातात दिला.