टिनपाट आवाजाचा नवरा

ओसाकाच्या निप्पोनबाशी बाजारात कॉम्प्युटरचं दुकान चालवायचं म्हणजे रोजची भांडणं आलीच. मॅकवाले विंडोजवाल्यांकडे नाक मुरडतात, विंडोजवाले मॅकवाल्यांना श्रीमंतीचे टोमणे मारतात, आणि लिनक्सवाले न विचारता दोघांनाही अक्कल शिकवतात. मी सगळ्यांना एकच सांगते, बाबांनो, मशीन आहे ते, माहेर नव्हे. एवढा अभिमान कसला धरता?

त्या दुपारी कामेइ नवरा-बायको आले. तोकुजी कामेइ म्हणजे ओसाकाच्या रंगमंचावरच्या विनोदी जोड्यांना तीस वर्षं संवाद लिहून देणारा माणूस. आता गळ्याभोवती रुमाल. घशाच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलेलं. हातही थरथरायचे, त्यामुळे पेन धरून लिहिणं कधीचंच सुटलं होतं. मागून त्यांची बायको मासाए, नेहमीप्रमाणे तोंडाचा पट्टा सुरू.

"ओरिएचान, तूच बघ गं बाई आता. मुलानं तोक्योहून हा मॅक पाठवलाय. ह्यांनी टाइप केलं की तो बोलून दाखवतो. आवाज म्हणशील तर काय सांगू! टीव्हीवर बातम्या देणाऱ्या साहेबांसारखा."

"मग घोडं कुठे अडलंय, मावशी?"

"हे बोलतच नाहीत."

कामेइसान खाली फरशीकडे बघत उभे राहिले.

"अगं, परवा मी मुद्दाम खारट मिसो सूपमध्ये साखर घातली," मासाए म्हणाली. "म्हटलं, आता तरी खेकसतील. तर निमूट प्यायले! वाडगा रिकामा करून ठेवला! ओरिएचान, मला भीती वाटते गं. ऑपरेशनमधून वाचला माणूस, पण घरात मात्र..."

आमच्या ओसाकात कुणी वेडगळ बोललं की समोरच्यानं तिथल्या तिथे टोला हाणायचा, ही रीत. टोला नाही मिळाला तर बोलणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं. मासाए आयुष्यभर वेडगळ बोलत आली ती नवऱ्याच्या टोल्याच्या भरवशावर.

"कामेइसान, मला जरा टाइप करून दाखवा," मी म्हटलं.

ते मॅकसमोर बसले. मासाए लगेच म्हणाली, "ओरिएचान, तू बारीक झालीस का गं?" मी बारीक? माझ्या खुर्चीला विचारा! कामेइसानांचे डोळे चमकले, बोटं कळा शोधू लागली. एक जपानी अक्षर उमटवायला रोमन अक्षरांच्या दोन-दोन कळा. तोवर मी म्हटलं, "कुठली बारीक!" मासाएनं हवापाण्याचा विषय काढला, मी चहा ओतला, आणि मग त्या गोड आवाजात मॅक म्हणाला, "दार रुंद करून घेतलं असेल तिनं." वरातीमागून घोडं! कुणी हसलं नाही. कामेइसानांनी हात मांडीवर ठेवून दिले.

मग त्यांनीच बायकोच्या पिशवीत हात घालून एक कीबोर्ड काढला. जुना, पिवळा पडलेला. खाली मधोमध अंगठ्यांसाठी दोन वेगळ्या कळा. अंगठा आणि बोट एकदम दाबलं की एका दणक्यात अख्खं जपानी अक्षर. सगळे संवाद त्यांनी ह्याच्यावर लिहिले होते. मुलाला वाटलं, भंगार आहे. बापाला आवाज हवाय म्हटल्यावर त्यानं उत्तमातला उत्तम आवाज शोधला. पोरगं मायेचंच, पण तोक्योत राहून राहून आमची टोल्याची रीत विसरलं असेल.

मॅकला तो कीबोर्ड जोडायला मला बऱ्याच नाकदुऱ्या काढाव्या लागल्या. जुळला एकदाचा. पण बोलणारा प्रोग्रॅम असा शिष्ट, की वाक्य संपेपर्यंत तोंड उघडेना. दुकानातल्या विंडोजवर कीबोर्ड पटकन चालला. जुन्यापान्या वस्तूंना सांभाळून घेण्यात विंडोजचा हात धरणारं कुणी नाही. पण ऐन रंगात आल्यावर पडदाभर विचारणा आली, आत्ता अपडेट करू की रात्री? कामेइसानांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

"तिसरं एक आहे," मी म्हटलं, "पण आधीच सांगते, आवाज टिनपाट आहे."

माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. त्यातलं नको ते सगळं मी काढून टाकलं आणि असं बसवलं, की दोन-चार शब्द झाले की नुसता अंगठा दाबायचा, लगेच बोल बाहेर. कुणी आडवं येत नाही. मालक सांगेल तसं वागतं बिचारं.

"पण मावशी, एक ध्यानात घ्या. ह्याचं बिनसलं तर तुमच्या मुलाला तिकडून काही करता येणार नाही. मॅक असेल तर तो फोनवरसुद्धा निस्तरेल. इथे मलाच यावं लागेल."

"येशील?"

"न येऊन सांगते कुणाला!"

कामेइसानांनी बोटं टेकवली. थरथरत होती, पण कळा बरोब्बर सापडत होत्या. लॅपटॉप खरखरला, "ऐकू येतंय का?"

"अगंबाई!" मासाएनं कान झाकले. "हा कसला आवाज? बंब बोलतोय की काय! एवढी वर्षं माणसाशी संसार केला, आता म्हातारपणी बंबाशी करू?"

"आधी पेटवायला शीक," लॅपटॉप म्हणाला.

तिचं वाक्य संपतं न संपतं तोच! मी फस्सकन हसले, चहा टेबलावर सांडला. मासाए तोंड उघडं टाकून नवऱ्याकडे बघत राहिली.

"आणि त्या सूपमध्ये," बोटं धावत होती, "साखर होती, भवाने. आंधळी झालीस का?"

मासाए हसायला लागली. हसता हसता तिथेच खोक्यावर बसली आणि पदराआड लपवावं तसं त्या रिकाम्या पिशवीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. कामेइसान घाबरले. त्यांनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं तो हात झटकला आणि कीबोर्डकडे ढकलला.

"हात तिकडे ठेवा," ती म्हणाली. "अजून शिव्या घाला मला."