लोकरीच्या बंडीची बातमी

लढाई सुरू झाली तशी साखरेला रेशन लागलं, रॉकेलला लागलं. संशय तेवढा मुबलक होता. आधी तो वाण्याच्या वाट्याला आला, मग पोस्टमनच्या, आणि शेवटी बातमीदारबाईंचा नंबर लागला.

गुन्हा दोन ओळींचा. पेपरातल्या घरगुती पानावर बाईंनी लिहिलं होतं : 'बर्फाच्या सरहद्दीवर निघालेल्या पलटणीसाठी लोकरीच्या बंड्या शिवून शिंपी मेटाकुटीला आले आहेत.' सेन्सॉरने हे शिवणकाम समजून सोडून दिलं. पलटण निघणार ही गोष्ट लष्कराने शत्रूपासूनच काय, पलटणीपासूनसुद्धा लपवली होती.

तपास अधिकाऱ्याच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि काचांना काळा कागद.

"कुणी सांगितलं? नाव सांगा नि घरी जा. नाहीतर लढाई संपेपर्यंत आत."

बाई गप्प. बातमी देणाऱ्याचं नाव फोडायचं नाही, हा धंद्याचा नेम. शिवाय उभ्या नोकरीत बाईंनी एकच युक्ती वापरली होती : प्रश्न विचारायचा नाही, नुसतं बघत बसायचं. शांतता समोरच्याला सोसत नाही, तोच बोलायला लागतो. शिंप्याच्या दुकानातसुद्धा त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"हे गप्प बसणं कुठे शिकलात? तिकडे, शत्रूकडे?"

बाई बघत राहिल्या.

"चहा घेणार? नको? बरं. बघा, आमच्यातलं कुणी फुटलेलं नाही. हुकूम मोठ्या साहेबांना ठाऊक आणि मला. मी तर भिंतीशीही बोललो नाही! घरी जेवताना तेवढं हिला म्हटलं, पलटणीतल्या आपल्या धाकट्याला लोकरीची बंडी शिवायला टाक, सरहद्दीवर थंडी मरणाची—"

अधिकाऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग खुर्ची पुढे ओढून ते हळूच म्हणाले, "आमची ही... नि तिच्या मैत्रिणी... कुठल्या शिंप्याकडे जातात हो?"

बाई काळ्या कागदाकडे पाहू लागल्या.

"तुम्ही सांगणार नाही."

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मग बसलाय कशाला? निघा!"

बाई जेवणाच्या वेळेला घरी हजर. आणि इथेच घोळ झाला. त्या कचेरीत नेलेली माणसं महिनोन्‌महिने परतत नसत. ही चहासुद्धा न पिता परत? म्हणजे कुणाचं तरी नाव देऊन आली असणार. वाण्याने हिशेब लावला : गेली तेव्हा शत्रूची हेर होती, आली ती सरकारची.

जिन्यातल्या गप्पा बाईंचं पाऊल ऐकताच थांबल्या. बाईंनी जुनी युक्ती करून पाहिली, शेजारणीसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. शेजारीणही उभी राहिली. मग तिने दार लावून घेतलं.

आत सासूबाई भाजी निवडत होत्या. सुनेला पाहून त्यांनी परात जरा लांब सरकवली.

"काय झालं, आई? अशा काय बघताय?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच घाबरून, "आणि हेसुद्धा मी बोलले नाही हं."